पाण्यांतील पहारेकरी

पाण्यास आपल्या भाषेंत 'जीवन' असें दुसरें नांव आहे, आणि आमच्या इंदापूर तालुक्यांत त्या नांवाचा अर्थ कोणासही समजावून सांगावा लागत नाहीं. तालुक्याच्या दक्षिणेकडून नीरा वाहते, उत्तरेकडून व पूर्वेकडून भीमा वळसा घेते, आणि बावड्याच्या पुढें नीरा-नरसिंहपुरास या दोन नद्यांचा संगम होतो. इ. स. १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें झालें, तेव्हांपासून भीमेच्या पात्राच्या जागीं दूरवर पसरलेला जलाशय दिसूं लागला. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामती व इंदापूर या तालुक्यांतील शेतांतून खेळत आहे. विहिरी पूर्वींपासून होत्याच. त्यांत आतां प्लास्टिकचें अस्तर घातलेल्या शेततळ्यांची भर पडली आहे. या पाण्यानें आम्हांस ऊंस दिला, द्राक्षें व डाळिंबें दिलीं, आणि पुष्कळांच्या मुलांचें शिक्षणही याच पाण्यावर झालें.

परंतु जें पाणी जीवन देतें तेंच कधीं कधीं जीवन हिरावूनही घेतें. ता. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं वादळी वाऱ्यांत सांपडून उजनीच्या जलाशयांत एक नाव उलटली. करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून ती आमच्या तालुक्यांतील कळाशीकडे येत होती. नावेंत सात माणसें होतीं. त्यांपैकीं एक जण पोहून कांठास लागला. सहा जणांस जलसमाधि मिळाली, आणि त्यांच्या शोधासाठीं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास पाचारण करावें लागलें. ही गोष्ट या पंचक्रोशींतील कोणीही विसरलेला नाहीं. म्हणून पाण्यांत माणसाची राखण करणारीं कांहीं नवीं यंत्रें निघालीं आहेत असें ऐकल्यावर पालकांचे कान टवकारले जावेत, हें साहजिकच आहे.

हीं यंत्रें दिसावयास अगदीं लहान असतात. कोणतें मनगटावरच्या घड्याळासारखें, कोणतें छातीवर बांधावयाच्या पट्ट्यासारखें, तर कोणतें पोहण्याच्या चष्म्याच्या पट्ट्यांत अडकविलेल्या गुंडीएवढें असतें. पाण्यांत उतरलेल्या माणसाच्या शरीराची खबर घ्यावी आणि ती दुसऱ्यास कळवावी, एवढेंच त्यांचें काम. अशा यंत्राच्या जाणत्या भागास इंग्रजींत 'सेन्सर' व मराठींत 'संवेदक' म्हणतात. त्यांचे उपयोग तीन सांगितले जातात: व्यायाम, उपचार आणि रक्षण. हा खर्च करावा कीं नाहीं, आणि केल्यास मुलाचा जीव यंत्राच्या हवालीं करावा कीं नाहीं, हे दोन प्रश्न पालकांपुढें उभे राहतात. त्यांचें उत्तर मिळविण्याकरितां हीं यंत्रें चालतात कशीं, हें प्रथम पाहूं.

आपल्या शरीरास डोळे, कान, त्वचा इत्यादि ज्ञानेंद्रियें आहेत. प्रकाश, ध्वनि, उष्णता यांचा आघात झाला कीं हीं इंद्रियें मज्जातंतूंच्या द्वारें मेंदूकडे संदेश धाडतात. संवेदकाचेंही तसेंच आहे. बाहेरील हालचाल, दाब किंवा प्रकाश यांचें तो विजेच्या सूक्ष्म फेरफारांत रूपांतर करितो, आणि यंत्रांतील गणक त्या फेरफारांचा अर्थ लावितो.

हालचाल ओळखणाऱ्या संवेदकाचें तत्त्व विद्यार्थ्यांनीं एस. टी. च्या गाडींत अनुभविलेलें आहे. गाडी एकाएकीं थांबली कीं आपण पुढें झुकतों, आणि झपाट्यानें सुटली कीं मागें रेलतों. संवेदकांत सिलिकॉन नांवाच्या द्रव्याचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म कमानींवर टांगलेला असतो. पोहणाऱ्याचा हात पुढें फेंकला गेला कीं हा तुकडा मागें राहतो, हात अडला कीं तो पुढें सरकतो, आणि त्या सरकण्यानें विजेच्या मापांत फरक पडतो. हाताच्या प्रत्येक वल्ह्याबरोबर अशी एक लाट उठते. त्या लाटा मोजल्या कीं हात किती वेळां मारले तें कळतें. तलावाच्या भिंतीस पाय लावून पोहणारा उलटला कीं निराळ्या आकाराची लाट उठते, त्यावरून फेऱ्या किती झाल्या हें कळतें.

दुसरा संवेदक दाबाचा. विहिरींत बुडी मारून तळ गांठणाऱ्या मुलास कानांत दडे बसल्याचा अनुभव असतो. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे एक मीटर खालीं गेलें तरी दशांश वातावरणाची वाढ होते. यंत्रांतील पातळ पडदा या दाबानें किंचित् वांकतो, आणि त्या वांकण्यावरून मनुष्य पाण्याखालीं किती खोल आहे हें ठरवितां येतें.

तिसरा संवेदक प्रकाशाचा, आणि त्याचें काम नाडी मोजण्याचें. अंधारांत विजेरीवर बोट ठेवलें तर बोट लाल दिसतें. कारण रक्त तांबडा प्रकाश पुष्कळसा जाऊं देतें आणि हिरवा शोषून घेतें. मनगटावरच्या घड्याळाच्या पोटांतून त्वचेवर हिरवा प्रकाश टाकला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालीं रक्ताची लाट आली कीं अधिक प्रकाश शोषला जातो, आणि ती ओसरली कीं अधिक परत येतो. या चढउतारांची मोजणी म्हणजेच नाडीची मोजणी. मात्र पाण्यांत या कामीं तीन विघ्नें येतात. पट्टा व त्वचा यांच्यामध्यें पाणी शिरतें. गारठ्यानें त्वचेंतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आणि हात सतत हलत असल्यामुळें त्या हालचालीची लाट नाडीच्या लाटेंत मिसळते. म्हणून जमिनीवर बरोबर आंकडा दाखविणारें घड्याळ पाण्यांत चुकूं शकतें. यास्तव कांहीं कारागीर हा संवेदक कानशिलाजवळ बसवितात, तर कांहीं छातीवरच्या पट्ट्यानें हृदयाची वीजच टिपतात. पण पट्टा सैल पडून घसरला कीं तोही निरुपयोगी होतो.

आतां पाणी आंत शिरूं नये म्हणून काय करितात तें पाहूं. यंत्राच्या जोडांत रबराची कडी दाबून बसविलेली असते, किंवा सर्व यंत्र एकसंध आवरणांत ओतून बंद केलेलें असतें. पेटीवर 'आय. पी. एक्स. ७' अशी खूण असल्यास तें यंत्र एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास ठेवून पारखलें आहे, असा तिचा अर्थ. घड्याळावर '५० मीटर' असें लिहिलेलें असतें, त्यावरून पन्नास मीटर खोल बुडी मारण्याची परवानगी मिळाली, असें कोणी समजूं नये. तितक्या खोलीवरील स्थिर पाण्याच्या दाबाशीं त्या यंत्राची परीक्षा झाली आहे, एवढेंच तें सांगतें. साबण, कढत पाणी व वय यांनीं रबर कठीण होतें आणि चिरा पडतात. म्हणून काल पाण्यांत टिकलेलें यंत्र उद्यांही टिकेलच, हें गृहीत धरूं नये. वापर झाल्यावर स्वच्छ गोड्या पाण्यानें धुऊन तें कोरडें करावें.

याहून मोठी अडचण पुढेंच आहे, आणि पालकांनीं ती नीट ध्यानांत घ्यावी. आपले दूरध्वनि ज्या बिनतारी लहरींनीं घड्याळाशीं बोलतात त्या लहरी हवेंत सहज जातात. पण पाणी त्यांस गिळून टाकतें. हातभर पाण्याखालीं गेलेलें यंत्र बाहेरच्या जगास जवळजवळ मुकेंच होतें. ठावठिकाणा सांगणाऱ्या उपग्रहांचे संदेशही पाण्यांत पोंचत नाहींत. पोहणाऱ्याचा हात पाण्याबाहेर येतो तेवढ्या क्षणांतच घड्याळास आपलें स्थान कळूं शकतें. ध्वनि मात्र पाण्यांत उत्तम धांवतो. हवेंत त्याची गति सेकंदास सुमारें ३४० मीटर असते, तर पाण्यांत ती सुमारें १,५०० मीटर होते. म्हणून पाण्यांतील यंत्रें तीनपैकीं एका रीतीनें वागतात: मिळालेली माहिती पोटांत सांठवून वर आल्यावर सांगतात, पाण्यांत बसविलेल्या ग्राहकाकडे ध्वनीनें हांक मारतात, किंवा आपला बोलका भाग डोक्यावर अगर तरंगत्या वस्तूवर ठेवितात. यावरून एक गोष्ट उघड होते. ऐकणारें यंत्र जवळ नसेल तर सांगणाऱ्या यंत्राचें सांगणें व्यर्थ आहे.

हे गुणदोष ध्यानांत घेऊन तिन्ही उपयोगांकडे वळूं. व्यायामांत या साधनांचा लाभ सरळ आहे. समजा, एका मुलास पंचवीस मीटरांचा तलाव ओलांडावयास चोवीस हात मारावे लागत होते. महिन्याभराच्या सरावानंतर तितक्याच वेळांत तो वीस हातांत पलीकडे जाऊं लागला. याचा अर्थ, त्याचा प्रत्येक हात अधिक पाणी मागें लोटतो आहे आणि त्याची शक्ति वायां जात नाहीं. शिक्षकास एका वेळीं दहा मुलांचे हात मोजतां येत नाहींत, यंत्रास येतात. परंतु हात चुकीचा कां पडतो आणि तो कसा सुधारावा, हें सांगण्यास शिक्षकच हवा.

दुसरा उपयोग उपचाराचा, आणि आमच्या मतें तो फार महत्त्वाचा आहे. आर्किमीडीजचा सिद्धान्त विद्यार्थ्यांनीं पाठ केलेला आहे: पाण्यांत बुडालेली वस्तु जितकें पाणी बाजूस सारते तितक्या वजनाचा भार पाणी उचलून धरतें. मनुष्य कमरेइतक्या पाण्यांत उभा राहिला तर त्याच्या पायांवर सुमारें निम्माच भार उरतो. छातीइतक्या पाण्यांत सुमारें तृतीयांश, आणि गळ्याइतक्या पाण्यांत सुमारें दशांश. ज्या आजीबाईंस संधिवातामुळें अंगणांत चार पावलें टाकवत नाहींत, त्या कोमट पाण्याच्या तलावांत चालूं शकतात, याचें रहस्य हेंच. पाणी भार उचलतें आणि हालचालीस सौम्य विरोधही करितें. त्यामुळें सांधा न दुखतां स्नायूस मेहनत घडते.

येथें संवेदकाचें साह्य कोठें होतें? पाण्यांत अर्धवट बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते, हा प्रयोग सर्वांनीं केलेला आहे. प्रकाशकिरण वांकल्यामुळें कांठावर उभ्या असलेल्या फिजिओथेरपिस्टास रोग्याचा गुडघा पाण्यांत नेमका किती वांकला हें डोळ्यांनीं बरोबर कळत नाहीं. मांडीवर एक व पोटरीवर एक अशा दोन चकत्या बांधल्या, तर त्या दोहोंच्या कलांतील फरकावरून गुडघ्याचा कोन मोजतां येतो. पक्षाघातानें एक अंग दुबळें झालेल्या माणसाचा कोणता पाय मागें राहतो, आजचें पाऊल मागील आठवड्यापेक्षां लांब पडलें काय, हेंही कळतें. शिवाय गळ्यापर्यंत पाण्यांत उभें असतां पाण्याच्या दाबानें पायांतील रक्त छातीकडे ढकललें जातें आणि नाडी जमिनीवरच्यापेक्षां सामान्यतः कांहीशी मंद चालते. म्हणून जमिनीवरच्या नाडीचा नियम पाण्यांत जसाच्या तसा लावणें धोक्याचें असतें. हृदयविकार, फेफरें किंवा उघडी जखम असलेल्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून असा उपचार करूं नये. आणि विहीर किंवा कालवा म्हणजे उपचाराचा तलाव नव्हे, हेंही विसरूं नये.

पाण्याच्या या सामर्थ्याची उत्तम साक्ष आमच्याच महाराष्ट्रांत आहे. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूर येथें जन्मलेले श्री. मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यांत असतां इ. स. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून पंगु झाले. उपचाराचा एक भाग म्हणून ते पाण्यांत उतरले, आणि इ. स. १९७२ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडासामन्यांत पन्नास मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनीं भारतास त्या सामन्यांतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. इ. स. २०१८ मध्यें सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. उजनीच्या पलीकडल्या करमाळा तालुक्यांतील श्री. सुयश जाधव यांनीं लहानपणीं विजेच्या धक्क्यानें दोन्ही हात गमावले. तथापि ते पोहणें शिकले, इ. स. २०१६ मध्यें रिओ येथील सामन्यांत उतरले, आणि इ. स. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. पेटकरांच्या काळीं अंगावर बांधावयाचे असे संवेदक नव्हते. आज ते आहेत, त्यामुळें प्रगति मोजणें सुलभ झालें आहे. परंतु पाण्यांत उतरण्याचें धैर्य व नित्य सराव हें भांडवल ज्याचें त्यानेंच आणावें लागतें.

आतां तिसरा उपयोग, रक्षणाचा. बुडणारा मनुष्य हात उंच करून 'वांचवा, वांचवा' म्हणून ओरडतो, अशी आपली समजूत नाटक-सिनेमांनीं करून दिली आहे. वास्तविक तो बहुधा मुकाट्यानेंच बुडतो. श्वास घेण्यासच अवकाश नसतो, मग ओरडणार कोठून? त्याचे हात पाणी खालीं दाबण्यांत गुंतलेले असतात. लहान मूल एका मिनिटाच्या आंत दिसेनासें होऊं शकतें, आणि प्राणवायु न मिळाल्यास चार-सहा मिनिटांतच मेंदूस इजा होऊं लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें इ. स. २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रसंघानें २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरविला.

या मुक्या संकटास वाचा फोडणें हें रक्षक-संवेदकाचें काम. त्याचा अगदीं साधा प्रकार म्हणजे दोन धातूंचीं टोंकें उघडीं ठेवलेलें यंत्र. नदीविहिरींच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असल्यामुळें त्यांतून वीज वाहते; यंत्र पाण्यांत पडलें कीं पाणीच मंडल पुरें करितें आणि घंटा वाजते किंवा दिवा लागतो. नावेंतून पडलेल्या माणसाच्या तरंगजाकिटावरील दिवे याच युक्तीनें पेटतात. दुसरा प्रकार पोहण्याच्या तलावांतील पट्ट्यांचा. मूल ठराविक खोलीच्या खालीं ठराविक सेकंदांहून अधिक काळ राहिलें, तर तलावांत बसविलेल्या ग्राहकास सूचना जाते आणि रक्षकास इशारा मिळतो. तिसऱ्या प्रकारांत कळ ओढली कीं पट्ट्यांतील लहानसा फुगा वायूनें भरतो. चौथा प्रकार समुद्रावर जाणाऱ्यांचा. संकटांत सांपडल्यावर तो उपग्रहाकडे हांक धाडतो व ठिकाण कळवितो.

यांत एक कूट आहे. इशाऱ्याची मर्यादा पांच सेकंद ठेविली, तर बुडी मारून खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुळें घंटा वाजेल, आणि 'लांडगा आला रे आला' या गोष्टींतील गांवकऱ्यांप्रमाणें रक्षक तिकडे दुर्लक्ष करूं लागेल. उलट मर्यादा एक मिनिट ठेविली, तर खरोखर बुडणाऱ्याचा अमोल वेळ वायां जाईल. ही मर्यादा कितीही विचारपूर्वक ठरविली तरी घंटा ऐकून धांवणारा मनुष्य कांठावर हवाच. नगरांतील तलावावर असा मनुष्य व असा ग्राहक असतो. आमच्या कालव्यावर, नीरेच्या डोहावर किंवा रानांतल्या शेततळ्यावर यांपैकीं कांहींच नसतें. तेथें मुलाच्या मनगटावर महागांतलें घड्याळ बांधून निश्चिंत होणें म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

आमच्या वाडवडिलांनीं मुलांस पोहणें शिकवितांना पाठीवर सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधला. भोपळ्यांच्या सांगडीवरून त्यांनीं नद्याही ओलांडल्या. भोपळा कोणास खबर देत नसे, पण तो बुडूं देत नसे. आजचा संवेदक खबर देतो, पण बहुतेक प्रकारांत तो तारीत नाहीं. दोहोंचा मेळ घालणें हेंच शहाणपण. मे २०२४ च्या त्या सायंकाळचा विचार करतांना प्रथम तरंगजाकिटाचीच आठवण यावी, आणि त्यावर दिवा किंवा हांक मारणारें यंत्र असतें तर शोधणाऱ्यांस दिशा मिळती, ही गोष्ट त्यामागून यावी. क्रम उलटा करून चालत नाहीं.

शेततळ्याविषयीं तर विशेष सांगणें अवश्य आहे. त्याच्या कडा उतरत्या असतात व अस्तराचें प्लास्टिक ओलें झालें कीं शेवाळासारखें निसरडें होतें. पाय घसरून आंत पडलेल्या चांगल्या पोहणाऱ्यासही वर चढतां येत नाहीं. चढावें तितकें घसरावें, अशी स्थिति होते. यास उपाय स्वस्त आहेत. सभोंवार कुंपण घालावें; चारी बाजूंनीं गांठी मारलेले दोर कांठावरील खुंटास पक्के बांधून पाण्यांत सोडावेत; एखादी शिडी व हवा भरलेली जुनी ट्यूब तेथेंच ठेवावी. कोणी बुडत असल्यास अननुभवी माणसानें उडी घेऊं नये. एकामागून एक दोघे-तिघे जातात तें याचमुळें. काठी, दोर, धोतर, साडी, जें हातीं लागेल तें पुढें करावें, तरंगणारी वस्तु फेंकावी, मोठ्यानें माणसें बोलवावींत, आणि ११२ अगर १०८ या क्रमांकास कळवावें. बाहेर काढलेल्या माणसास उलटें टांगून किंवा गरगर फिरवून पाणी काढण्याच्या खटपटींत वेळ दवडूं नये. श्वास बंद असल्यास तोंडानें श्वास देणें व छाती दाबणें हीच क्रिया लागलीच सुरू करावी, आणि ती पूर्वींच जाणत्याकडून शिकून ठेवावी.

पालकांच्या दोन प्रश्नांचें उत्तर आतां देतां येईल. मूल देखरेखीच्या तलावांत नियमानें पोहत असेल, किंवा घरांतील कोणी वैद्यकीय सल्ल्यानें जलोपचार घेत असेल, तर संवेदकावरील खर्च सार्थकीं लागेल. अन्यथा पैसा प्रथम पोहणें शिकण्यावर, मग तरंगजाकिटावर, कुंपणावर व दोरांवर खर्चावा, आणि उरल्यास यंत्र घ्यावें. जीव मात्र कोणत्याही यंत्राच्या हवालीं करूं नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसही एक काम सांगावयाचें आहे. येत्या सुट्टींत आपापल्या शेतावरील तळ्याच्या कांठीं वडिलांबरोबर जा आणि तेथें दोर आहे काय, तो खुंटास घट्ट आहे काय, त्यास धरून एका मुलास वर येतां येईल काय, हें वडिलांस ओढून पाहावयास सांगा. दोर नसेल, तर सूर्य मावळण्यापूर्वीं तेथें दोर बांधला जाईल असें करा.